जुनी सुई द्या, नवी घ्या



शिरेत सुई टोचून नशा करणारी माणसे पुष्कळदा एकच सुई अनेकांत वापरतात. सुई बाहेर काढली तरी सिरिंजमध्ये रक्ताचा अंश उरतो आणि तो पुढच्याच्या शरीरात जातो. एचआयव्ही आणि बी व सी प्रकारची कावीळ या वाटेने पसरते. नशेचे पाणी, चमचा व कापूस सामाईक असला तरी धोका उरतोच.

मग हे लोक नवी सुई का घेत नाहीत? ती मिळत नाही म्हणून! स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात १९८०नंतर सुयांची विक्री आवळली गेली आणि पोलीस त्या जप्त करू लागले. नशा थांबली नाही; एकेक सुई मात्र अधिक हातांत फिरू लागली. तेथील एका दवाखान्यातल्या अशा रुग्णांची तपासणी १९८६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा निम्म्यांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली.

ॲमस्टरडॅममध्ये वेगळे घडले. तेथे व्यसनी लोकांचीच संघटना होती. शहरातील एका औषधविक्रेत्याने सुया देणे बंद केले, तेव्हा कावीळ पसरेल या भीतीने संघटना पुढे सरसावली. १९८४ साली नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने सुया पुरवल्या आणि संघटनेने त्या वाटल्या. नियम साधा: जुनी द्या, नवी घ्या. ज्यांच्यावर संकट, तेच संघटित झाले. आम्हा कामगार कार्यकर्त्यांना यात नवल वाटू नये.

जुनी सुई परत येते याचेही मोल आहे. कचऱ्यात पडलेली सुई सफाई कामगाराच्या हातात शिरते.

याने व्यसनाला उत्तेजन मिळते, असा आक्षेप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली उपलब्ध पुरावा तपासला. सुया पुरवल्याने एचआयव्हीची लागण घटते असे तिला आढळले. व्यसन वाढल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. मात्र नुसती सुई पुरत नाही. ॲमस्टरडॅमचाच अनुभव असा, की सुई बदलणे आणि पुरेशा मात्रेत मेथाडोन हे पर्यायी औषध घेणे, ही दोन्ही एकत्र झाली तेव्हा लागण स्पष्टपणे कमी दिसली. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातही सुया व पर्यायी औषध या दोहोंना स्थान आहे.

यंत्राला जाळी बसवताना कामगार सद्गुणी आहे की नाही, हे आपण विचारत नाही. त्याचा हात वाचवतो. येथेही तोच न्याय लावा. व्यसन सुटायचे तर माणूस आधी जिवंत राहिला पाहिजे.