पत्र्याच्या शेडमधलं तारेचं वेल्डिंग

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, ग्रिल बनवायचे म्हणजे वेल्डिंग आलंच. रॉडऐवजी तारेचं मशीन, कारागिरांच्या भाषेत ‘सीओटू’, घेतलं की कामाची पद्धत बदलते. तार रिळावरून आपोआप पुढे सरकते आणि गनमधून येणारा कार्बन डायऑक्साइड वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकतो.

इथेच शेडमधला पंखा आडवा येतो. गॅसचा प्रवाह साधारण मिनिटाला 10 ते 15 लिटर. झोताने तो उडाला, की जोडात बारीक छिद्रं पडतात. वारा अडवायला शटर ओढून घेणं मात्र त्याहून वाईट, कारण हा वायू हवेच्या दीडपट जड असतो आणि खाली साचतो. पंखा हवा बाहेर फेकेल असा लावावा.

गॅसवरच्या भरीव तारेसाठी गन पॉझिटिव्हला जोडतात. बिनगॅसच्या फ्लक्स तारेला बहुधा निगेटिव्ह लागतं. अर्थिंगचा चिमटा रंग-गंज खरवडलेल्या लोखंडावरच लावावा.

आता उन्हाळा. मे महिन्यात नांदेडचा पारा 40 अंशांपुढे जातो, आणि मशीनची क्षमता बहुधा 40 अंशांवरच मोजलेली असते. ‘60 टक्के ड्यूटी सायकल’ म्हणजे 10 मिनिटांत 6 मिनिटं काम. तापलेल्या पत्र्याखाली तेवढीही अपेक्षा धरू नये.

गॅल्व्हनाइज्ड पाइपाच्या धुराने काही तासांनी थंडी-ताप भरतो; जस्त आधी घासून काढावं. काळ्या काचेशिवाय पाहिलेला आर्क डोळ्यांना रात्री सतावतो. दुरुस्तीला आलेल्या ट्रॉलीच्या सांदीत कापूस अडकलेला असतोच. ठिणगीने पेटू नये म्हणून तो झाडून काढावा, पाण्याची बादली जवळ ठेवावी, पण ओल्या हातांनी गन धरू नये.