जावरचे जस्त: अरवलीतील विझलेल्या भट्ट्या

जयपूरच्या जवाहर नगर वसाहतीलगत दिसणारी टेकडी ही अरवली पर्वताची एक लहानशी शाखा आहे. याच पर्वताच्या उत्तरेकडील रांगांत खेत्रीच्या तांब्याच्या खाणी आहेत, तर दक्षिणेस, उदयपूरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, जावर हे गाव आहे. जयपूरच्या बाजारात नक्षीदार पितळी थाळ्या विकत घेणाऱ्या पर्यटकांना जावरचे नाव क्वचितच ठाऊक असते. मात्र पितळेत तांब्यासोबत जे जस्त असते, ते धातुरूपात मोठ्या प्रमाणावर गाळण्याचा उद्योग जगात प्रथम येथे उभा राहिला, असे धातुविद्येचे इतिहासकार मानतात.

खाणकामाच्या ऐतिहासिक वसाहती म्हटल्या की अमेरिकेतील नेवाडा आणि कॅलिफोर्नियातील उजाड गावांची आठवण प्रथम होते. नेवाडातील व्हर्जिनिया सिटीजवळ १८५९ मध्ये चांदीचा प्रचंड साठा सापडला आणि अवघ्या दोन दशकांतच तेथील वैभव ओसरू लागले. कॅलिफोर्नियातील ओस पडलेले बोडी हे गाव १९६२ पासून राज्याचे ऐतिहासिक उद्यान म्हणून जपले जात आहे. जावरचा उद्योग या गावांहून कितीतरी जुना. खाणींतील लाकडी आधारांच्या कार्बन कालमापनावरून तेथील खोदकाम इसवी सनापूर्वीच्या शतकांपर्यंत मागे जाते.

जस्त मिळवणे मुळातच अवघड होते. त्याच्या भस्मातून धातू वेगळा होण्यासाठी सुमारे १००० अंश सेल्सियसहून अधिक उष्णता लागते. परंतु जस्त ९०७ अंशांनाच उकळते. परिणामी भट्टीत धातूऐवजी त्याची वाफ तयार होते आणि हवा लागताच तिचे पुन्हा पांढरे भस्म होते.

जावरच्या कारागिरांनी यावर उपाय शोधला तो वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीचा. भाजलेले खनिज व अन्य पदार्थ मुशीत भरून तिच्या तोंडाला नळी जोडली जाई आणि मूस भट्टीत उलटी बसवली जाई. आतील माल खाली सांडू नये म्हणून नळीतून एक काडी आत खोचलेली असे. ती जळून गेली की वाफेला वाट मोकळी होई. भट्टीच्या वरच्या कप्प्यात अशा ३६ मुशी तापत आणि सच्छिद्र तळाखालील थंड कप्प्यात जस्त थेंबाथेंबाने साचे. मराठीत या प्रकारच्या क्रियेला सरसकट ऊर्ध्वपातन म्हटले जाते. येथे मात्र वाफ खाली उतरवली जाई. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात वृन्ताक मूषेचे, म्हणजे वांग्याच्या आकाराच्या मुशीचे, वर्णन आढळते. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियन याने याच तत्त्वावरील पद्धतीचे पेटंट १७३८ मध्ये घेतले, तेव्हा जावरच्या भट्ट्या कित्येक शतके चालू होत्या.

प्रत्येक मूस एकदाच उपयोगी पडे. त्यामुळे वापरून टाकलेल्या मुशींचे अक्षरशः डोंगर तेथे साचले. गावकऱ्यांनी याच मुशी रचून घरांच्या भिंतीही उभारल्या.

या उद्योगाच्या अखेरीशी मराठ्यांचाही संबंध येतो आणि तो फारसा अभिमानास्पद नाही. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात व १९व्या शतकाच्या आरंभी शिंदे आणि होळकर यांच्या फौजांच्या स्वाऱ्यांनी व खंडणीच्या मागण्यांनी मेवाड खिळखिळे झाले. त्यातच १८१२च्या सुमारास दुष्काळ पडला आणि भट्ट्या थंडावल्या, असे सांगितले जाते. कारागीर पांगले आणि त्यांच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्यांचे कसबही लोपले. ती नेमकी कृती त्यांनी कोठे लिहून ठेवल्याचे आढळत नाही.

विसाव्या शतकात आधुनिक खाणकाम सुरू झाले. १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंक ही कंपनी स्थापन झाली. १९८०च्या दशकात या कंपनीसह बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संशोधकांनी केलेल्या उत्खननात मुशींसह भट्ट्यांचे अवशेष प्रकाशात आले. १९८८ मध्ये अमेरिकेतील ‘एएसएम इंटरनॅशनल’ या धातुतज्ज्ञांच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

बोडी आणि जावर यांच्यात एक मोठा फरक आहे. बोडीतील खाणकाम केव्हाच बंद पडले आहे. जावरच्या डोंगरात मात्र शिसे व जस्ताचे उत्खनन आजही सुरू आहे. ज्या खडकात प्राचीन कारागिरांची भुयारे आहेत, त्याच खडकात नवे खनिजही दडलेले आहे. मुशींच्या ढिगांपैकी किती भाग शाबूत राहील, हे त्यामुळे खाणीची आखणी करणाऱ्यांवरही अवलंबून आहे.