किंमत उतरते, खर्च नाही

जुन्या आलिशान गाड्यांविषयीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ गाडीच्या रचनेतच सापडतं. १९९८ साली आलेली मर्सिडीजची डब्ल्यू-२२० पिढीतली एस-क्लास घ्या. साध्या गाडीत जे काम पोलादी स्प्रिंग करते, ते तिच्यात हवेने भरलेले रबरी फुगे करतात. वयोमानाने रबराला बारीक चिरा पडतात, हवा निसटते, आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जादा चालून जळतो. फुगा वेळीच बदलला नाही, तर त्याच्यासोबत कॉम्प्रेसरचंही बिल येतं. गाडीचा भाव वर्षागणिक कोसळतो; सुटे भाग मात्र महागड्या गाडीच्याच दराने घ्यावे लागतात. मालकांचा संताप मला अगदी रास्त वाटतो.

‘सिंगल ओनर, कमी चाललेली गाडी बघा, काही होत नाही,’ असं सांगितलं जातं. पण गाडी नुसती उभी राहिली तरी रबर कडक होतंच. फुगे काढून साध्या स्प्रिंग बसवता येतात, हेही खरं. मात्र ज्या मऊ चालीसाठी ही गाडी घ्यायची, तीच मग हातची जाते. म्हणून गाडी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी पाहावी. रात्रीत एखादा कोपरा खाली बसलेला दिसला, तर दुरुस्तीचा लेखी अंदाज हातात येईपर्यंत बयाणा देऊ नये.