दहाव्याचा फोटो

शिरूर-दौंड भागात घरातलं माणूस गेलं की दहाव्याच्या आत हार घालायला फोटो लागतो. पाहुण्यारावळ्यांची ये-जा चालू असते आणि सापडतो तो नेमका लग्नातल्या गर्दीतला, मोबाईलवरचा. न्हावऱ्यात माझ्या घरी इंकजेट प्रिंटर आहे हे आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ठाऊक आहे. मग निरोप येतो, "वहिनी, आबांचा फोटो टाकलाय, मोठा करून द्या."

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा टाकलेला फोटो मात्र वाटेत बारीक होतो. त्याची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरतात. ८ बाय १० इंचाला २४०० बाय ३००० हवेत. गर्दीतून आबांचा एकट्याचा चेहरा कापला तर हातात दीड-दोनशे पिक्सेल येतात. म्हणून मी आधी विचारते, फोटो काढला कुणी? भाचा दौंडला असला तर त्याला फोन करते आणि मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगते. तेवढ्यानं मिशीतला पांढरा केस न् केस दिसायला लागतो.

तरीही चेहरा लहानच निघाला तर फोटो लहान छापावा आणि भोवती रुंद कोरी पट्टी ठेवून मोठ्या फ्रेममध्ये बसवावा. चेहरा 'साफ' करणारी अ‍ॅप मी या कामाला वापरत नाही. ती नसलेले बारकावे स्वतःच्या मनाने भरतात, सुरकुत्या घालवतात, डोळे बदलतात. ज्या बाईनं त्या माणसासोबत उभा जन्म काढला, तिच्यापुढे परका चेहरा ठेवायचा नाही.

प्रिंटर शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर मारतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्यानं थेंब बाहेर ढकलतात. एप्सनच्या यंत्रांत विजेनं वाकणारा स्फटिक तेच काम करतो. चार शायांच्या प्रिंटरमध्ये फिकट रंगासाठी ठिपके विरळ पडतात, त्यामुळे गालावर कधी कधी रवा दिसतो. सहा शायांच्या अनेक यंत्रांत फिकट निळी आणि फिकट किरमिजी वेगळी असते. कातडीचा रंग तिथे सलग उतरतो.

कागदाचंही तसंच. दौंडच्या पुढचं भिगवण कागद गिरणीसाठी ओळखलं जातं. तिथल्यासारखा गुळगुळीत कोटेड कागद ऑफसेटवर मासिकं छापायला उत्तम. इंकजेटमध्ये घातला तर शाई वरच राहते आणि बोटाला लागते. इथे शाई धरून ठेवणारा थर असलेला फोटो पेपरच हवा, आणि त्याची चकचकीत बाजू प्रिंटरच्या सूचनेप्रमाणे ठेवायची. छापल्यावर एक दिवस मोकळा वाळू द्यावा, मगच फ्रेम. काच फोटोला टेकू देऊ नये; ओलीनं चिकटली की सोडवताना चेहराच निघून येतो. डाय शाईचा फोटो उन्हात उडतो, म्हणून दारासमोरची भिंत टाळा.

एप्रिल-मे महिन्यांत प्रिंटर नुसता पडून राहिला तर थेंब मारणाऱ्या हेडच्या छिद्रांत शाई सुकते. हेड क्लीनिंग वारंवार केलं तर टाकीतली शाई उगाच संपते. त्यापेक्षा आठवड्याला एक रंगीत पान काढावं. त्या निमित्तानं मी शाळेच्या फॉर्मसाठी मुलांचे पासपोर्ट फोटो काढून देते. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो ४ बाय ६ इंचाच्या एका कागदात बसतात.