पयलो प्लग, मगे सेन्सर

चिरेखाणीत जेसीबी बंद पडला की पहिला फोन मालकाला जातो, दुसरा मेस्त्रीला. आता मात्र तो बंद पडतोच असं नाही. इंजिन चालू असतं, पण दम धरत नाही. बकेट मातीत घातली की आवाज खाली बसतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा असतो आणि पडद्यावर आकडे : एसपीएन 110, एफएमआय 3. ऑपरेटर ते आकडे फोनवर वाचून दाखवतो आणि पुष्कळदा तिथल्या तिथे निकाल लागतो. 110 म्हणजे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. तो गेला, नवा मागवा. पार्सल येईपर्यंत खाण बंद. नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो आणि चार दिवसांनी तोच आकडा पुन्हा हजर.

सिंधुदुर्गातला कसलेला मेस्त्री म्हणूनच हाताखालच्या पोराला आधी एकच गोष्ट शिकवतो : ‘पयलो प्लग सोडव, मगे सेन्सराक हात लाव.’

या आकड्यांची भाषा कोणा एका कंपनीची नाही. बॉश कंपनीने 1986 साली कॅन नावाची पद्धत जगापुढे मांडली. यंत्रातले सगळे इलेक्ट्रॉनिक डबे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींवरून बोलतात, अशी ती पद्धत. तिच्यावर अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने अवजड वाहनांसाठी जे1939 हे मानक बेतलं. त्यात एसपीएन सांगतो कशाबद्दल तक्रार आहे : 100 म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, 157 म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब, 97 म्हणजे डिझेलमध्ये आलेलं पाणी. एफएमआय सांगतो तक्रार कोणत्या जातीची : 3 म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, 4 म्हणजे प्रमाणाबाहेर कमी, 5 म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, 2 म्हणजे माहिती भरवशाची नाही. नीट वाचलं तर ‘सेन्सर खराब आहे’ असं यात कुठेच म्हटलेलं नाही. सेन्सर, त्याचा प्लग, वायरी आणि इंजिनाचा मेंदू असलेला ईसीएम हा डबा, या सगळ्या साखळीत कुठेतरी व्होल्टेज बिघडलंय, एवढंच हा कोड सांगतो. उरलेला शोध माणसाने घ्यायचा.

तो कसा घ्यायचा, ते पाहण्यासारखं आहे. तापमानाच्या साध्या सेन्सरला दोन वायरी असतात. ईसीएम आतल्या एका रेझिस्टरमधून 5 व्होल्ट सोडतो. सेन्सर थंड असला की त्याचा रोध जास्त, गरम झाला की कमी, आणि त्याप्रमाणे वायरीवरचं व्होल्टेज वरखाली होतं. वायर तुटली तर ते खाली ओढणारं कोणी उरत नाही, 5 व्होल्ट तसेच राहतात आणि एफएमआय 3 येतो. मेस्त्री सेन्सरचा प्लग काढतो, वीतभर वायरीच्या तुकड्याने प्लगमधल्या दोन पिना जोडतो आणि चावी फिरवतो. कोड 3 वरून 4 झाला, तर ईसीएम शाबूत आहे, तिथपर्यंतची वायरिंगही शाबूत आहे, दोष पुढे सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांवर आहे. कोड 3 वरच अडून बसला, तर दोष सेन्सरच्या अलीकडे, वायरिंगमध्ये किंवा ईसीएममध्ये शोधायचा. पाच मिनिटांत अर्धी साखळी बाद होते आणि हजारोंचा खर्च वाचतो. अट एवढीच की ही युक्ती दोन वायरींच्या सेन्सरपुरती आहे. दाबाच्या सेन्सरला तीन वायरी असतात, तिथे अंदाजाने पिना जोडणारा माणूस नवं दुखणं लावून ठेवतो.

किनाऱ्यावर दोष बहुधा प्लगमध्येच का सापडतो, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. जिल्ह्याला 121 किलोमीटरचा समुद्र लाभलाय, वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आंबोलीत तर त्याच्या दुपटीहून जास्त. प्लगचं रबरी सील एकदा फाटलं की खारट ओल आत शिरते आणि कल्हई उडालेल्या पितळी भांड्याला चढावा तसा हिरवा कळंक पिनांवर चढतो. त्यात जांभ्याची तांबडी धूळ आणि संध्याकाळी प्रेशर पंपाने यंत्र धुण्याची सवय. पंपाचं पाणी सील ओलांडून जातं. वायर तपासायला सुई टोचणाऱ्यांनी तर वाळवीला दारच उघडून दिलेलं असतं. त्या भोकातून ओल तांब्यात उतरते आणि वरून धडधाकट दिसणारी वायर आतून काळीहिरवी होऊन तुटते.

याहून घातक गोष्ट म्हणजे कोड न येणं. एका सर्रास वापरातल्या सेन्सरचा रोध 20 अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असतो, 80 अंशांना सव्वातीनशेच्या आसपास आणि 100 अंशांना दोनशेहूनही कमी. आता प्लगमधल्या कळंकाने वाटेत 300 ओहमची भर घातली, असं धरू. इंजिन 100 अंशांवर पोचलेलं असताना ईसीएमला बेरीज दिसते पाचशेच्या जवळपास, आणि त्याच्या तक्त्यात एवढा रोध म्हणजे जेमतेम 65 अंश. आकडा शक्यतेच्या हद्दीत आहे, म्हणून दिवा लागत नाही. रेडिएटर उकळत असतो आणि पडदा सगळं ठीक असल्याचं सांगतो. हेड गॅस्केट जळाल्यावर मालक म्हणतो, कोड तर आलाच नव्हता. म्हणूनच जाणता मेस्त्री इन्फ्रारेड थर्मामीटर बाळगतो आणि पडद्यावरचा आकडा थर्मोस्टॅटच्या घराजवळच्या तापमानाशी ताडून बघतो. हा संशय म्हणजे या कामातली खरी विद्या.

कधी उलटं होतं. एकाच वेळी पाच-सहा कोड कोसळतात आणि बघणाऱ्याची छाती दडपते. अनेक सेन्सर 5 व्होल्टची एकच वाट वापरत असतील आणि त्यातल्या एकाने ती जमिनीला टेकवली, तर सगळेच आजारी दिसतात. मेस्त्री एकेक प्लग सोडत जातो. ज्या प्लगावर बाकीचे कोड एकदम मावळतात, तोच गुन्हेगार. कॅनच्या वायरींचीही अशीच साधी खूण आहे. दोन टोकांना 120 ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून बॅटरी तोडून मीटर लावला की 60 यायला हवेत. 120 आले तर एक टोक तुटलंय.

हे सारं साध्या मल्टिमीटरने होतं. पुढे मात्र वाट अवघड आहे. बांधकामाच्या चाकांच्या यंत्रांना 1 एप्रिल 2021 पासून भारत स्टेज सीईव्ही-4 आणि 1 जानेवारी 2025 पासून सीईव्ही-5 नियम लागू झाले. धूर कमी होणं गरजेचंच होतं, खाणीत राबणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी तर फारच. पण नव्या यंत्रांत काजळी अडवणारा डीपीएफ आला, त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर आला, तापमानाचे आणखी सेन्सर आले. डीपीएफ ठरावीक काळाने तापवून साफ करावा लागतो. तो उभ्या यंत्रात मुद्दाम तापवायचा, तर पुष्कळदा लॅपटॉप आणि कंपनीचं सॉफ्टवेअर हवं. ते अधिकृत डीलरकडे असतं, आणि डीलरचा माणूस घाट चढून-उतरून येईपर्यंत पावसाआधीचे मोलाचे दिवस जातात. गावातल्या मेस्त्रीला दोष कळतो, पण कुलूप उघडता येत नाही. मग कोणीतरी डीपीएफच कापून काढण्याचा सल्ला देतो. तसं करणं बेकायदा आहे आणि धूर पुन्हा माणसांच्याच छातीत जातो.

दुसरं संकट घरचंच आहे. जांभा बकेटचे दात झिजवतो, म्हणून वेल्डिंग कायमचं. बॅटरीची वायर न काढता यंत्रावर इलेक्ट्रिक वेल्डिंग केलं की तो करंट भलत्या वाटेने ईसीएमपर्यंत पोचू शकतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवणं, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावणं आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तर ईसीएमचे प्लगही काढणं, एवढं प्रत्येक ऑपरेटरला पाठ हवं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिने पुढे ठेवली. जेसीबी आणि पोकलेनचं नाव त्या यादीत वेगळं नाही. ते घालायला हवं, आणि कोड वाचण्यापुरती तरी माहिती रास्त दरात स्वतंत्र मेस्त्रीला मिळायला हवी. दुसरी मागणी जिल्ह्यापुरती आहे. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या मुलांसमोर एक चालू इंजिन, एक गंजलेला प्लग आणि मल्टिमीटर ठेवा, आणि शिकवायला त्या मेस्त्रींना मानधन देऊन बोलवा, ज्यांच्याकडे हे ज्ञान आज आहे.