पाव घेताना पिशवी उलटून पाहा

मॉन्ट्रियलमधल्या आपल्या घरांत आता पोळीपेक्षा पावच जास्त येतो. तो तपकिरी दिसला की पौष्टिक, असं आपण धरून चालतो. पण रंग मळीचाही असतो!

गव्हाच्या दाण्यात कोंडा, अंकुर आणि मधला पिठाळ भाग असतो. मैद्यात फक्त पिठाळ भाग उरतो. १०० ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात साधारण १० ग्रॅम चोथा असतो, मैद्यात जेमतेम ३. बद्धकोष्ठाने हैराण झालेली वडीलधारी मंडळी आम्हां नर्सांना वॉर्डात रोज भेटत, म्हणून हा आकडा आधी सांगितला.

आता इथली गंमत. कॅनडात 'होल व्हीट' लिहिलेल्या पिठातून दाण्याचा ५ टक्क्यांपर्यंत भाग काढायची मुभा आहे. त्यात बराचसा अंकुर जातो, कारण त्याच्या तेलाने पीठ लवकर खवट होतं. पूर्ण दाणा हवा तर 'होल ग्रेन' शब्द शोधा, फ्रेंचमध्ये 'ग्रँ आंतिए'. मुलांनो, हे काम तुमचं. आजीचा चष्मा नेमका घरी राहतो. आटा घेतानाही वाचा, काही पिशव्यांत बारीक पिठात वरून कोंडा मिसळलेला असतो.

मैदा अगदीच टाकाऊ नाही. १९९८ पासून इथे त्यात फॉलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं आहे, होणाऱ्या बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी. शब्बाथचा खल्ला, कधीमधी बेगल खुशाल खा. मात्र मधुमेह असेल तर बारीक दळलेल्या अख्ख्या गव्हाचा पावही मोजूनच घ्या, तो साखर जवळजवळ मैद्याच्या पावाइतकीच वाढवतो. सोबत डाळ किंवा अंडं असू द्या. आणि पाणी प्या हो, कोंडा पाण्याशिवाय पोटात अडून बसतो.