परवाना कुणी कुणाला द्यायचा? भाड्याचं घर, दुरुस्ती आणि जबाबदारी

(मानवत येथे दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. आज जी कलमं सांगणार आहे ती वाचून, समजून घेऊन सांगणार आहे. पण प्रकरण कोर्टापर्यंत गेलं तर वकिलाकडेच जायचं, माझ्याकडे यायचं नाही. मग मी कशाला बोलतोय? तर हा विषय फक्त कायद्याचा नाही म्हणून. 'हे घर माझं आहे' या वाक्यातल्या 'माझं' या शब्दाचा अर्थ काय, असा हा प्रश्न आहे, आणि तो माझ्या धंद्यातला आहे.

मृग जवळ आला की आपल्याकडे जुन्या माणसाची नजर आपोआप वर जाते, माळवदाकडे. तरुण मुलांसाठी सांगतो : माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छत. पावसाच्या आधी त्यावर पांढरी माती टाकायची, दाबायची, पन्हाळ मोकळी करायची. एक वर्ष चुकलं तर गळतं, तीन वर्षं चुकलं तर तुळई कुजते.

आमच्या वाड्यातले मागचे दोन खण भाड्याने होते. त्या भाडेकरूंना आम्ही पोरं मामा म्हणायचो. वडील म्हणत, "महिन्याला बारा रुपये भाडं येतं. पांढऱ्या मातीला अन् गड्याला त्याच्यापेक्षा जास्त लागतात. जो राहतो त्यानं टाकावी." मामा म्हणत, "दुसऱ्याच्या घरावर मी का पैसा घालू? उद्या रिकामं करा म्हटलं तर माती काय बरोबर नेणार?" दोघांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. पाच वर्षं हा वाद अगदी सभ्यपणे चालला. एका श्रावणात झड लागली आणि चौथ्या दिवशी मागची भिंत माळवदासकट बसली. मामी लेकराला घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या होत्या म्हणून आज ही गोष्ट सांगता येते. दोन्ही बाजू बरोबर असताना भिंत पडते कशी? या प्रश्नाचं उत्तर मी पुढं बरीच वर्षं शोधत होतो.

'माझं' म्हणजे काय?

आपल्या परंपरेत 'स्वत्व' म्हणजे मालकी, यावर फार बारीक चर्चा झालेली आहे. मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर म्हणतात की मालकी ही लौकिक गोष्ट आहे. ती केवळ शास्त्राने निर्माण होत नाही, लोकव्यवहारातून ठरते. हे विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले, म्हणजे आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या मुलखातले. नैयायिकांनी व्याख्या केली ती अशी : एखाद्या वस्तूचा यथेष्ट विनियोग करण्याची, म्हणजे मनाप्रमाणे वापर करण्याची योग्यता ज्याच्याकडे, त्याचं त्या वस्तूवर स्वत्व.

आता ही व्याख्या भाड्याच्या घराला लावून बघा. विकायचा अधिकार मालकाकडे, पण झोपायचा, स्वयंपाक करायचा, दार लावून घ्यायचा अधिकार भाडेकरूकडे. म्हणजे भाड्यानं देणं म्हणजे 'यथेष्ट विनियोगा'चे दोन तुकडे करणं. आपण हक्काचे तुकडे करतो, लिहून ठेवतो, त्यासाठी भांडतो. पण कर्तव्याचे तुकडे करायचे राहून जातात. आमची भिंत त्या राहून गेलेल्या तुकड्यात पडली.

कायदा काय म्हणतो?

मराठवाडा निजामाच्या राज्यातून आला, म्हणून आपल्याकडे मुंबईचा 1947चा भाडे कायदा नव्हता. आपल्याकडे होता हैदराबादचा 1954चा घरभाडे नियंत्रण कायदा, विदर्भात तिसराच. हे तिन्ही बाजूला सारून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला आणि 31 मार्च 2000पासून अमलात आला. तो परिशिष्टात नाव असलेल्या गावांना आणि शहरांना लागू आहे. खेड्यापाड्यातून आलेल्या मंडळींनी आपल्या गावाचं आधी बघून घ्यावं.

मालकांची बाजू आधी सांगतो, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. मुंबईत भाडी 1940च्या पातळीला गोठवली गेली. भाडं तेवढंच आणि सिमेंट, लाकूड, मजुरी मात्र वाढत गेली. मग दुरुस्ती कोण करणार? डिसेंबर 1997मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही गोठवणूक आता अवाजवी झाली आहे असं स्पष्ट सांगितलं. नव्या कायद्यात कलम 11 आलं, त्यानुसार मालकाला दरसाल 4 टक्के वाढ घेता येते. म्हणजे 'भाडं परवडत नाही म्हणून दुरुस्ती नाही' या माझ्या वडिलांच्या युक्तिवादाला कायद्यानं थोडं तरी उत्तर दिलं.

आता कलम 14. वेगळा करार झालेला नसेल तर घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची. त्यानं ती टाळली तर भाडेकरूनं नोटीस द्यायची, किमान 15 दिवसांची वाजवी मुदत द्यायची, आणि तरीही काही झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मर्यादा आहे : एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना 3,000 भाडं असेल तर वर्षाचे 36,000, त्यातले जास्तीत जास्त 9,000. एवढ्यात अख्खं छत होत नाही, हे खरं. पण पन्हाळ होते, गळती थांबते, नळ बदलतो. मामांच्या प्रश्नाला हे उत्तर आहे : माती तुम्ही टाका, पैसे भाड्यातून वजा करा. मात्र नोटीस लेखी हवी. ओट्यावर बसून "अहो, गळतंय बरं का" म्हणणं ही नोटीस नव्हे.

आणखी दोन कलमं लक्षात ठेवा. कलम 26 : भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. कलम 29 : भाडेकरूला घालवण्यासाठी पाणी, वीज तोडता येत नाही.

परवाना कुणाचा?

आता मूळ मुद्द्यावर येतो. इंग्लंडमध्ये 2004चा गृहनिर्माण कायदा आहे. एकमेकांच्या कुटुंबातली नसलेली पाच किंवा जास्त माणसं एका घरात भाड्यानं राहत असतील, स्वयंपाकघर-न्हाणीघर सामाईक वापरत असतील, तर मालकाला स्थानिक कौन्सिलकडून परवाना घ्यावा लागतो. वेल्समध्ये 2014च्या कायद्यानं खाजगी घरमालकांना नोंदणी सक्तीची केली. भाडेव्यवहार स्वतः सांभाळायचा असेल तर त्याचाही परवाना लागतो. म्हणजे तिथे गाव मालकाला परवाना देतं.

आपल्याकडेही 'लायसन्स' हा शब्द आहे. 'लिव्ह अँड लायसन्स' आपण सगळे म्हणतो. पण इथे परवाना कोण कुणाला देतो? मालक राहणाऱ्याला देतो! 'माझ्या घरात अमुक महिने राहायची तुला परवानगी', एवढाच त्याचा अर्थ. आणि पोलीस ठाण्यात माहिती द्यायची ती कुणाची? तीही राहणाऱ्याची. म्हणजे माणसाची तपासणी दोनदा होते आणि छताची एकदाही होत नाही. पोलिसांना माहिती देऊ नका असं मी म्हणत नाही; जिल्हाधिकाऱ्यांचा तसा आदेश असेल तर ती द्यायलाच हवी. मी फक्त दाखवतोय की आपली शंका कुठल्या दिशेला वळलेली आहे.

मग मानवतमध्येही नगरपरिषदेनं परवाना पद्धत आणावी का? मला घाईनं 'हो' म्हणवत नाही. आपल्याकडचा मालक म्हणजे बहुतेक वेळा एखादी एकटी म्हातारी बाई, नाहीतर निवृत्त शिक्षक. एक खोली दिलेली असते, त्यावर औषधपाणी चालतं. फी, तपासणी, चकरा लावल्या तर ते खोलीला कुलूप घालतील. बाजार समितीत कामाला आलेला माणूस, शिकायला आलेली पोरं मग राहणार कुठं? पण परवाना नको म्हणताना, जे नियम आज आहेत ते तरी पाळू, एवढं म्हणायला हरकत नाही.

त्यातला पहिला नियम नोंदणीचा. "अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही" हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ते आलं 1908च्या नोंदणी कायद्यातून, तिथे एका वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण 1999च्या कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, महिने कितीही असोत. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि त्याहून महत्त्वाचं : नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे झालं, हा भ्रम आहे. खर्चाचंही भय नको. लायसन्स कराराला मुद्रांक शुल्क पाव टक्का. महिना 5,000, अकरा महिने, 20,000 अनामत धरली तर दीडशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी वेगळी.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. कलम 14मध्ये शब्द 'भाडेकरू' आहे. लायसन्सवर राहणाऱ्यानं ते आपोआप आपल्याला लागू आहे असं धरून चालू नये. दुरुस्ती कुणी करायची हे करारातच लिहून घ्यावं. केंद्राचा 2021चा आदर्श भाडेकरू कायदा हा राज्यांसाठी नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण त्याच्या परिशिष्टातली वाटणी उचलायला कुणाची बंदी नाही. छत, भिंती, रंग, मुख्य पाइप, वायरिंग मालकाकडे. नळाचे वायसर, मोरी-नाली साफ करणं, बटणं, कड्या-कुलपं, काचा राहणाऱ्याकडे. अर्धं पान पुरतं.

भीती कशाची?

इमारत पडायला आली तर नगरपरिषद अधिनियम, 1965चं कलम 195 आहे. धोकादायक बांधकाम दुरुस्त करा किंवा उतरवा, अशी नोटीस मुख्याधिकारी मालकाला किंवा भोगवटादाराला देऊ शकतात. 'किंवा' हा शब्द बघा. भिंत कुणावर पडेल हे सातबारा बघून ठरत नाही, हे त्या शब्दात आहे.

पण नोटीस येते आणि माणसं हलत नाहीत. पावसाळ्यात पेपरात वाचतो आपण. ती माणसं मूर्ख असतात का? नाही. त्यांना भीती असते की एकदा बाहेर पडलो की परत आत येणं नाही. आणि काही मालक वाट बघतात की पाऊसच आपलं काम करेल. इथे एक निकाल माहीत असायला हवा. 2014मध्ये शहा रतनसी खिमजी या महाराष्ट्रातल्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इमारत पाडली गेली तरी तेवढ्यानं भाडेकरूचा हक्क संपत नाही. दुरुस्तीसाठी कोर्टातून घर रिकामं करून घेतलं तरी परत येण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणून माझं सांगणं : नोटीस आली तर आधी बाहेर पडा. जाताना जागेचं माप, फोटो, पावत्या, करार आणि नोटिशीची प्रत सोबत घ्या. हक्क कागदावर टिकतो, त्यासाठी अंगावर छत घ्यायची गरज नाही.

फक्त जुनेच वाडे पडतात असंही समजू नका. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, 16 माणसं गेली. ती जुनी नव्हती. आणि महाडही नगरपरिषदेचंच गाव, आपल्यासारखं.

थोडे प्रश्न

*प्रश्न : सर, मालक रोज भेटतात, चहा पाजतात. त्यांना लेखी नोटीस दिली तर संबंध बिघडणार नाहीत का?*

बिघडतील अशी भीती वाटते खरी. पण वडिलांचे आणि मामांचे संबंध फार चांगले होते, भिंत पडली तरी. कागद हे भांडण नाही. नोटीस हातात देताना चहा घ्यायला काय हरकत आहे? "काका, लिहून देतो म्हणजे दोघांनाही आठवण राहील," एवढं म्हणा, आणि प्रतीवर पोच घ्या.

*प्रश्न : भाडेकरूच घर खराब करतो, त्याचं काय?*

रास्त प्रश्न. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 सांगतो की घर जसं घेतलं तसं परत द्यायचं, रोजच्या वापरातली झीज सोडून. नुकसान केलं तर 1999च्या कायद्यात ते घर रिकामं करून मागायचं कारणही आहे. पण 'जसं घेतलं' हे सिद्ध कसं करणार? म्हणून किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घर फिरायचं, फोटो काढायचे, यादीवर दोघांनी सह्या करायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता संपवतो. भिंत पडल्यावर वडिलांनी ती नवीन बांधली. खर्च पांढऱ्या मातीच्या कितीतरी पट आला. मामा तोवर दुसरीकडे गेले होते, त्यांना वडिलांनी जाऊन परत आणलं. पुढच्या उन्हाळ्यापासून माती वडिलांची आणि मेहनत मामांची, असं ठरलं. कुठंही लिहिलेलं नव्हतं, पण दोघं हयात असेपर्यंत चाललं. आज दोघंही नाहीत, आणि शेजाऱ्याला शेजारी तेवढा ओळखत नाही, म्हणून लिहून ठेवावं लागतं. अजून ऊन आहे. घरी गेलात की मालक असा वा भाडेकरू, एकदा वर बघा, आणि काय दिसलं ते दुसऱ्याला सांगा.